सोलर स्वतः साफ करावा की माणूस बोलवावा? आमच्या गच्चीवरचा दीड महिना

आमचा पाणी तापवायचा सोलर २०१७ सालचा. दोनशे लिटरची टाकी आणि सहा-सहा फुटाच्या वीस काचेच्या नळ्या. बसवल्यापासून आठ वर्षांत आम्ही त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं, गच्चीवर सांडगे-पापड घालायला गेलं की त्याच्या सावलीत टेकायचं, एवढाच काय तो संबंध. त्यामुळं हे वाचून कुणी मला जाणकार समजू नका, मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फौंड्रीत अकाऊंट्स बघते आणि डिसेंबरच्या आधी माझ्या हातात पाना फक्त गॅसच्या रेग्युलेटरपुरता आलेला.

२ डिसेंबरला आत्या (सासूबाई) अंघोळ करून बाहेर आल्या त्या कुरकुरतच. "पाणी तापलंयच कुठं, नुसता गारठा मोडलाय." मला वाटलं थंडी वाढलीय म्हणून असेल. पण नीट बघितलं तर लक्षणं कधीचीच होती, शॉवरची निम्मी भोकं बंद, गरम पाण्याच्या नळाची धार करंगळीएवढी, आणि मगाच्या तळाला पांढरी कचकच. त्यात आम्ही महिनाभर सकाळी सोलरचं लाईटवरचं बटण दीड तास चालू ठेवत होतो. आतला रॉड दोन किलोवॅटचा, म्हणजे रोजची तीन युनिटं, महिन्याची नव्वद. ते बिल आल्यावर कळलं.

साफ करायला पाहिजे हे कुणीही सांगेल, पण नक्की बिघडलंय काय हे आधी बघावं असं मला वाटलं, कारण पाणी कोमट यायची कारणं बरीच असू शकतात, नळ्यांवरची धूळ, मिक्सरमधनं गार पाणी मिसळणं, काहीही. म्हणून ७ तारखेला रविवारी संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर गेले आणि टाकीतलं पाणी बादलीत काढून त्यात स्वयंपाकघरातला थर्मामीटर घातला. ४४. शेजारच्या फ्लॅटचा सोलर आमच्यापेक्षा दोन वर्षांनी नवा, तेवढ्याच लिटरचा, त्यांची परवानगी घेऊन त्यातलं पाणी काढलं तर ५८. ही पाच मिनिटांची तपासणी सगळ्यात आधी करा, शेजाऱ्यांशी बोलणं चालू असेल तर.

त्याच दिवशी नळ्यांची खालची टोकं पण बघितली. या नळ्या म्हणजे थर्मासच, दोन काचा आणि मधली हवा काढून घेतलेली. खालच्या टोकाला आतनं आरशासारखा चंदेरी लेप असतो, हवा आत शिरली की तो पांढरा दुधट पडतो. आमच्या वीसपैकी दोन पांढऱ्या होत्या. पण वीसात दोन गेल्या म्हणून चौदा डिग्रीचा फरक पडत नाही, म्हणजे आत काहीतरी साचलेलं होतंच.

९ तारखेला कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. ज्यांच्याकडनं घेतला ते दुकान कधीच बंद झालेलं. पलीकडच्या मुलीनं सिरियल नंबर मागितला, तो टाकीच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो आणि आठ वर्षं उन्हापावसात तो स्टिकर कोरा झालेला. मग बिलाचा फोटो पाठवा, मग बसवल्याची तारीख सांगा, मग वॉरंटी पाच वर्षांची होती ती संपलीय, व्हिजिट चार्ज ३५० अधिक जीएसटी, म्हणजे ४१३. तक्रार नंबरचा मेसेज आला, त्यात अठ्ठेचाळीस तास लिहिलेलं. माणूस आला १८ तारखेला. (सोलर घेतल्या दिवशीच सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, आणि वॉरंटी कार्डामागचं बारीक अक्षर वाचा. आमच्या कार्डावर स्वच्छ लिहिलेलं होतं की जड पाण्यानं क्षार बसले तर ते वॉरंटीत येत नाही. म्हणजे वॉरंटी असती तरी उपयोग शून्य.)

त्या माणसानं एकही नळी न काढता, उभ्या उभ्या सांगितलं, वीसच्या वीस बदला. ५५० ला एक, ११,००० झाले, सर्व्हिसिंगचे २,००० वेगळे, वर जीएसटी. मी म्हणलं दोनच पांढऱ्या दिसतायत की. तर म्हणे "मॅडम, बाकीच्या पण जाणारच आहेत." जाणार तर आपण सगळेच आहोत, पण म्हणून आज कुणी पैसे भरतं का.

मग आमच्या नेहमीच्या प्लंबरला विचारलं. त्याचं उत्तर दोन मिनिटांत, "वहिनी, ७०० द्या, टाकीत दोन बाटल्या ॲसिड टाकतो, तासाभरानं सोडून देतो, चकाचक." स्वस्त होतं, खोटं कशाला बोलू, मी हो म्हणणारच होते. दुसऱ्या दिवशी डबा खाताना आमच्या मेंटेनन्सच्या साहेबांना सहज विचारलं आणि त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. संडास धुवायचं ॲसिड स्टेनलेसच्या टाकीत? त्यातलं क्लोराईड स्टीलला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं, वरनं टाकी ठणठणीत दिसते आणि वर्षभरात पाझरायला लागते. आतली टाकी फुटली की वरच्या फोममधनं पाणी कुठनं येतंय ते पण कळत नाही, पूर्ण टाकीच बदलावी लागते. मग ते म्हणाले, आपल्या फर्नेसच्या कॉईलला आपण डीएम पाणी, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, का घालतो? कॉईलमध्ये क्षार बसला तर कॉईल जळते म्हणून. तुमचं पाणी किती जड आहे ते आधी बघा, नाहीतर आज साफ कराल आणि परत दोन वर्षांनी तेच.

पाण्याचं उत्तर तसं मला माहीतच होतं. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवतोय ना, उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, पंचगंगा गावात शिरलेली आणि नळाला थेंब नाही. त्यानंतर आमच्या सोसायटीनं बोअर मारली. तेव्हापासून वरच्या टाकीत महापालिकेचं आणि बोअरचं पाणी मिसळून चढतं, उन्हाळ्यात तर जास्त बोअरचंच. आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण, बोअरचं पाणी जड निघणारच, डाळ शिजत नाही म्हणून बायका किती वर्षं ओरडतायत. तरी २२ तारखेला बोअर दहा मिनिटं चालू ठेवून एक लिटरचा नमुना एका खाजगी लॅबला दिला, ३५० रुपये, चार दिवसांनी रिपोर्ट. कठीणपणा लिटरला ४३० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत बरं आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे प्यायला अगदीच वाईट नाही, पण तापवायला वाईट. पाणी तापलं की त्यात विरघळलेला क्षार खडा होऊन खाली बसतो, आणि साठच्या वर गेलं की जोरात बसतो. इथं एक सांगते, हातात धरायचा टीडीएस मीटर घेऊन कुणी "जड पाणी" सांगायला लागला तर ऐकू नका, तो एकूण विरघळलेलं मोजतो, कठीणपणा वेगळा तपासावा लागतो.

आता प्रश्न होता स्वतः करायचं का. सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूफूल, ते स्टेनलेसला त्या मानानं सौम्य, एवढं साहेबांकडनं कळलं. आत्यांनी पण दुजोरा दिला, गावाकडच्या तांब्याच्या बंबात त्या वर्षातनं एकदा चिंच कोळून उकळायच्या, आतला थर पापुद्र्यासारखा सुटायचा म्हणे. मी कागद घेऊन हिशोब मांडला. टाकी दोनशे लिटर, एका नळीत पावणेतीन लिटर धरलं तर वीस नळ्यांत पंचावन्न, एकूण अडीचशेच्या वर. शंभर लिटरला पाच किलो धरलं तर तेरा किलो लिंबूफूल! तिथंच ती कल्पना मोडली. मग ठरवलं, आधी नुसती टाकी सोडून बघायची, काय निघतंय ते बघून पुढचं.

त्याला सोसायटीची परवानगी लागली. गच्चीची किल्ली सेक्रेटरी काकांकडं, रजिस्टरला सही करून मिळते, पण "काम" म्हणलं की अर्ज. कारण तीन वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावरच्यांनी भर दुपारी रिकाम्या सोलरमध्ये पाणी सोडलं होतं, एका दमात अकरा नळ्या फुटल्या आणि काचा खाली पार्किंगपर्यंत. तापलेल्या रिकाम्या काचेवर गार पाणी पडलं की दुसरं काय होणार. अर्जात मी लिहून दिलं, रविवार, सकाळी सहा ते दहा, पाणी जिन्यात येणार नाही, काही फुटलं तर जबाबदारी आमची. काकांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

२८ डिसेंबर, सहा वाजता, अंधार आणि धुकं. आधी घरातली सोलरची एमसीबी बंद केली (हे विसरलात आणि टाकी रिकामी असताना रॉड चालू झाला तर रॉड गेला), मग गार पाण्याचा कॉक बंद, मग ड्रेनला पाईप लावून गच्चीचं पाणी जायच्या तोटीपर्यंत नेला. ड्रेनचा प्लग हलेना. खोबरेल तेल सोडलं, हे पुण्याहून आलेले, त्यांनी पान्यावर पाय दिला, तेव्हा सुटला. पहिली दोन मिनिटं चहासारखं पाणी, त्यात पांढरे पापुद्रे, आणि मग निवळ. चाळीस मिनिटांत टाकी रिकामी. आम्ही एकमेकांकडं बघितलं, एवढंच?

बादलीच्या तळाला राहिलेली कचकच मी वाटीत घेऊन खाली आणली आणि त्यावर लिंबू पिळलं. पांढरे तुकडे फसफसले, बारीक बुडबुडे, कडेनं झिजून मिनिटभरात निम्मे झाले. तांबूस गाळ मात्र तसाच बसून राहिला, ती माती. म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या, मातीला ॲसिड कितीही ओता, ती हलणार नाही, ती बाहेरच काढायला पाहिजे.

आणि ती आहे कुठं? वर जाऊन टॉर्च मारला तेव्हा ट्यूब पेटली, अक्षरशः. टाकी रिकामी झाली तरी नळ्या गच्च भरलेल्याच होत्या! नळ्या खालनं बंद असतात, टाकीतनं पाणी सोडलं तरी त्यांच्यातलं जातच नाही, आठ वर्षांचा सगळा गाळ घसरून त्यांच्याच तळाला बसणार. आम्ही जे केलं ते म्हणजे माठातलं वरचं पाणी ओतून माठ धुतला म्हणण्यासारखं. नळी काढायची तर ती वर टाकीत सरकवून खालच्या कपातनं सोडवायची आणि मग फिरवत खाली ओढायची, आतलं पाणी धरून पाच किलोच्या आसपास वजन. ह्यांनी एकीला हात घातला, सिलिकॉनची रिंग आठ वर्षांत चिकटून बसलेली, काच करकरली, आणि मी म्हणलं बास. पाणी परत भरलं आणि खाली आलो. माझा निर्णय त्या करकर आवाजात झाला असं म्हणा हवं तर, सोडणं-धुणं आपलं, नळ्यांना हात कसबी माणसाचा.

माणूस शोधायला दोन आठवडे गेले. शेवटी साहेबांच्या ओळखीतनं एक मिस्त्री मिळाले, १,५०० आणि हेल्परचे ३००. फोनवरच तीन गोष्टी बोलून घेतल्या, ते ॲसिड आणायचं नाही, सगळ्या वीस रिंगा नवीन घालायच्या, आणि उन्हात पाणी भरायचं नाही. तिसऱ्यावर ते हसले. सामान मी आणून ठेवलं, लक्ष्मीपुरीतनं किलोभर लिंबूफूल २४० ला, रिंगा २५ प्रमाणे ५००, नळ्या ४५० च्या चार, न वापरलेली परत घ्यायच्या बोलीवर. नळी घेताना जुनीचा घेर आणि लांबी दोन्ही मोजून न्या, ४७ आणि ५८ मिलिमीटर असे दोन घेर मिळतात आणि दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात.

१७ जानेवारीला रात्री जेवणं झाल्यावर टाकी सोडून ठेवली, म्हणजे सकाळचा वेळ वाचला. १८ ला सव्वासहाला मिस्त्री हजर. रिंगेभोवती साबणाचं पाणी सोडायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग नळी डावीकडं-उजवीकडं अशी हलक्या हातानं फिरवायची, ओढायची नाही. बघत राहावं असं काम. पाऊण तासात एकोणीस नळ्या निघाल्या, विसावी गळ्यापाशी तडकली. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, मी म्हणलं असू दे, २८ ला आम्ही हात घातलेली तीच होती. तडा कुणाचा ते देवाला माहीत.

प्रत्येक नळीच्या तळाला चार बोटं गाळ, काहींत वीतभर. उलटी केली की आधी काहीच येत नाही आणि मग भसकन सगळं. सगळा गाळ मी टबात जमा केला, नंतर वाळवून काट्यावर ठेवला तर पावणेदोन किलो भरला. चौदा लिटर कोमट पाण्यात सातशे ग्रॅम लिंबूफूल विरघळवलं आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाच-पाच नळ्या दोरीनं बांधून उभ्या करून भरल्या, पंचवीस मिनिटांनी तेच पाणी पुढच्या पाच नळ्यांत. तिसऱ्या खेपेला फसफस मंदावली तेव्हा राहिलेले तीनशे ग्रॅम घातले. शेवटी त्या पाण्यात खायचा सोडा टाकून, फेस थांबल्यावर तोटीत सोडलं. हातात रबरी मोजे घाला, आणि जवळपास ब्लीचिंग पावडर नको, ॲसिडशी तिचा संबंध आला की विषारी वायू निघतो.

दोन पांढऱ्या आणि एक तडकलेली अशा तीन नळ्या नवीन, सगळ्या परत बसवायला दहा वाजत आले. बसवतानाच वरनं जुन्या चादरी टाकल्या होत्या, तरी मधे मधे उघड्या पडल्याच. मिस्त्री म्हणाले पाणी सोडतो, लीक बघून जातो. मी म्हणलं ऊन आलंय. त्यांनी नळीवर हात ठेवला, "गार हाय की वहिनी, बघा." मी पण हात ठेवला, गारच. पण थर्मासमध्ये उकळता चहा असला तरी बाहेरनं हात लावला तर गारच लागतो ना! बाहेरच्या काचेवरनं आतलं काही कळत नाही. पाचेक मिनिटं हुज्जत झाली. मला त्या अकरा नळ्या दिसत होत्या, आणि मिस्त्रींना दुपारचं दुसरं काम. शेवटी हेल्परला वरचे शंभर द्यायचे आणि संध्याकाळी त्यानं एकट्यानं यायचं असं ठरलं, काकांना फोन करून अर्जातली वेळ वाढवून घेतली, ते म्हणाले उद्या लेखी द्या. दिलं.

संध्याकाळी साडेसातला कॉक उघडला, तोही निम्माच. गच्चीवर काळोख, धाकटी म्हणाली "मी धरतो की बॅटरी" आणि नळी नळी तपासत सुटली. घरातला गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला होता, आधी नुसती हवा खोकत होती, सव्वातासानं सलग धार आली. एका रिंगेतनं थेंब येत होता, हेल्परनं ती नळी थोडी फिरवून वर दाबली, सकाळपर्यंत बंद झाला. टाकी भरल्याची खात्री झाल्यावरच एमसीबी चालू केली.

खर्च सगळा मिळून ४,९३३, त्यात कंपनीचे ते ४१३ पण आले, लॅबचे ३५० आणि मोजे-पाईपचे १८० पण. २४ तारखेला संध्याकाळी पाचला परत थर्मामीटर घातला, ५७. शॉवरचं तोंड राहिलेलं, ते वाटीभर लिंबूरसात रात्रभर बुडवलं. लाईटवरचं बटण तेव्हापासून बंद आहे. टाकीवर मार्करनं तारीख लिहिलीय, आता दर सहा महिन्यांनी टाकी सोडायची ती आम्हीच, आणि दर तीन वर्षांनी नळ्या, ते मिस्त्रींना बोलवून. बोअरचं पाणी सोलरला जाऊच नये म्हणून वेगळी लाईन टाकता येते का, हे सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला मांडणार आहे, काका आतापासूनच अर्ज मागतायत.

आणि एक, भरल्यानंतर पहिले दोन दिवस गरम पाणी गढूळ येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. १९ ला सकाळी मी धाकटीचा पांढरा युनिफॉर्म त्याच पाण्यात भिजवला आणि तो कोल्हापुरी गुळाच्या रंगाचा होऊन बाहेर आला. दोन दिवस दोन बादल्या तशाच सोडून द्या, मगच वापरा.